शाळेचा प्रशासक आणि नागरिकाचे वाणीस्वातंत्र्य

शाळेच्या हिशेबातील गफलत, नेमणुकीतील गैरव्यवहार किंवा विद्यार्थ्यांवरील अन्याय सर्वप्रथम ज्यांच्या ध्यानी येतो, ते बहुधा मुख्याध्यापक वा एखाद्या उपक्रमाचे संचालक असतात. त्यांनी त्याविषयी तोंड उघडले आणि त्यापायी नोकरी गमवावी लागली, तर कायदा त्यांच्या पाठीशी उभा राहतो काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार टप्प्याटप्प्याने केला आहे. आमच्या वाचकांत शिक्षक, संस्थाचालक आणि शासकीय सेवक आहेत. म्हणून तो विचार येथे क्रमाने मांडीत आहोत.

अमेरिकी संविधानाची पहिली दुरुस्ती (१७९१) शासनाला भाषणस्वातंत्र्याचा संकोच करण्यास मनाई करते. सार्वजनिक शाळा शासनाच्या असल्यामुळे ही मनाई त्यांना लागू पडते; खासगी शाळांना नाही.

पहिला महत्त्वाचा निकाल १९६८ चा. इलिनॉय राज्यातील मार्विन पिकरिंग या शिक्षकाने वृत्तपत्रात पत्र लिहून शिक्षण मंडळाच्या आर्थिक धोरणावर टीका केली. मंडळाने त्यास बडतर्फ केले. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी निकालपत्रात तराजू मांडला : एका पारड्यात सार्वजनिक हिताच्या विषयावर बोलण्याचा नागरिकाचा हक्क, दुसऱ्यात शाळेचे काम सुरळीत चालण्याची गरज. पिकरिंग यांच्या पत्रातील काही विधाने चुकीची होती. परंतु ती जाणूनबुजून वा बेपर्वाईने केल्याचे सिद्ध झाले नव्हते, म्हणून केवळ त्यांवरून बडतर्फी टिकली नाही. शिक्षकाचे वरिष्ठांशी नाते व्यक्तिगत निष्ठेवर अवलंबून नसते, याचीही न्यायालयाने दखल घेतली. वरिष्ठांचा निकटचा सहकारी असलेल्या प्रशासकाच्या बाबतीत पारडे मंडळाकडे झुकण्याचा संभव अधिक, तो याच कारणाने.

पुढे १९७९ मध्ये मिसिसिपीतील बेसी गिव्हन या शिक्षिकेच्या खटल्यात, वर्णभेदाविषयीची तक्रार मुख्याध्यापकांकडे खासगीत केली म्हणून संरक्षण नाहीसे होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र तत्पूर्वी १९७७ च्या माउंट हेल्दी खटल्यात एक मर्यादाही स्पष्ट झाली होती : ते बोलणे झाले नसते तरी हाच निर्णय घेतला असता, असे मंडळाने सिद्ध केले, तर कर्मचाऱ्याचा दावा फसतो.

खरी कोंडी २००६ च्या गार्सेटी खटल्याने झाली. हा खटला लॉस एंजेलिसच्या एका सरकारी वकिलाचा. पण त्याचे पडसाद शाळांतही उमटले. कर्मचारी आपल्या पदाचे कर्तव्य म्हणून जे बोलतो वा लिहितो, ते नागरिकाचे बोलणे नव्हे व त्यास पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. दोष कळविणे हेच ज्याचे काम, त्या प्रशासकाचा अहवाल अशा रीतीने उघडा पडला. ज्याला सर्वाधिक ठाऊक, त्याला आधार सर्वांत कमी!

२०१४ च्या लेन खटल्याने ही कोंडी काहीशी सैल केली. अलाबामातील एका सार्वजनिक महाविद्यालयाच्या युवक उपक्रमाचे संचालक एडवर्ड लेन यांना, राज्य विधिमंडळाची एक सदस्य काम न करता वेतन घेत असल्याचे आढळले. त्यांनी तिला कामावरून दूर केले, पुढे न्यायालयात शपथेवर साक्ष दिली आणि नंतर त्यांचीच नोकरी गेली. सर्व न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, माहिती नोकरीत मिळाली असली तरी नेहमीच्या कामाबाहेर दिलेली खरी साक्ष ही नागरिकाचीच वाणी होय. तथापि, त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, या कारणाने महाविद्यालयाच्या अध्यक्षांवर व्यक्तिगत भरपाईची जबाबदारी आली नाही. तत्त्व जिंकले, पण त्याची किंमत लेन यांनी मोजली.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. शासकीय सेवेत शिरल्याने नागरिक मूलभूत हक्कांना मुकत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ सालीच म्हटले आहे.

या साऱ्यातून आम्हांस एक बोध दिसतो. वर्तमानपत्रातील पत्राला आणि न्यायालयातील साक्षीला कायदा आधार देतो. पण वरिष्ठांच्या टेबलावर निमूटपणे ठेवलेल्या प्रामाणिक टिपणाला तो पुरेसा आधार देईलच, असे नाही. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी संस्था चालविणाऱ्यांची आहे. अप्रिय अहवाल आणणाऱ्याला जी संस्था निर्भय ठेवते, तिच्यातील दोष वेळीच कळतात आणि तिच्या विद्यार्थ्यांचे हित सुरक्षित राहते.