घोड्याचं रक्त, सापाचं विष आणि एक गणित

शिक्षक-पालकहो, पावसाळ्यात अकोटकडच्या वावरात साप निघतातच. म्हणून हा पाठ मुलांना जरूर शिकवा.

घोड्याला सापाचं विष थोडं-थोडं टोचतात. त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्यांपासून प्रतिविष, म्हणजेच ‘सापाचं इंजेक्शन’ बनतं. मुंबईच्या हाफकिनने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. प्रतिविषाची ताकद मोजलेली असते : १ मिली प्रतिविष नाग किंवा घोणस यांचं ०.६ मिग्रॅ, तर मण्यार किंवा फुरसं यांचं ०.४५ मिग्रॅ विष निष्प्रभ करतं.

आता मुलांना विचारा : घोणस चावली, ६० मिग्रॅ विष अंगात गेलं, तर प्रतिविष किती लागेल?

६० ÷ ०.६ = १०० मिली. म्हणजे १० मिलीच्या १० कुप्या!

मंत्राने हे होईल का? उत्तर मुलंच देतील. मग सांगा, चावलेला हात-पाय हलवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.