सुई टोचण्याआधी

चि. अनघास,


मायनर ओटीत पोस्टिंग लागली हे वाचून बरं वाटलं. मात्र ‘पेशंट फार नाजूक, ऑपरेशनपेक्षा भुलेच्या इंजेक्शनलाच ओरडतात’ हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. ते ओरडतात ते बहुतेक वेळा आपल्या घाईमुळे.

भुलेचं औषध लिग्नोकेन मुळात आम्लधर्मी, अ‍ॅड्रिनलिनवालं तर जास्तच, म्हणून ते झोंबतं. सरांना विचारून १० मिलि औषधात १ मिलि सोडाबायकार्ब मिसळ आणि लगेच वापर. ब्युपिव्हाकेनला हे प्रमाण लावू नकोस, साका धरतो. फ्रिजमधली बाटली आधी अंगाच्या उबेला येऊ दे.

ज्या जाड सुईनं औषध ओढलंस तिनंच टोचायचं नाही. २७ किंवा ३० नंबरची घे. नसेल तर इन्सुलिनची सिरिंज बहुतेक दवाखान्यांत असते. बारीक सुई कमी टोचते हे खरंच, पण तिचा मोठा गुण असा की ती तुला जोरात ढकलूच देत नाही. कातडी चिमटीत धर, सुई सरळ उभी घाल, आणि औषध कातडीत न भरता तिच्याखालच्या चरबीत सोड. अर्धा मिलि गेलं की थांब. हात हलवू नकोस. पेशंट ‘गेलं दुखणं’ म्हणाला की मग सावकाश पुढे, औषधाचा फुगवटा नेहमी सुईच्या पुढे राहील असं. दुसरी टोच लागलीच तर बधिर झालेल्या भागातच. स्वच्छ जखम शिवताना अखंड कातडीतून न टोचता जखमेच्या कडेतून आत जा.

कॅनडातले हाताचे सर्जन डोनाल्ड लालोंड विद्यार्थ्यांना पेशंटकडूनच गुण घ्यायला लावतात. पुन्हा दुखलं की पेशंटनं सांगायचं, विद्यार्थ्यानं मोजायचं. पहिल्या टोचेनंतर एकदाही दुखलं नाही, तर पैकीच्या पैकी. तूही विचारत जा. आणि ‘मुंगी चावेल’ असलं काही बोलू नकोस. टोचेल, क्षणभर चुरचुरेल, असं सरळ सांग. लहान मुलांना मात्र समजावण्यापेक्षा तासभर आधी बधिरतेचं मलम लावून वर पट्टी चिकटवलेली बरी.

रांग मोठी असते, वेळ कुठून आणू, म्हणशील. अ‍ॅड्रिनलिनचा पुरता परिणाम व्हायला तशीही पंचवीसेक मिनिटं लागतात. एकाला टोचून बाहेर बसव, तेवढ्यात दुसऱ्याचे कागद उरक.

तुझी,
मावशी