पंधरा वर्षांचं गणित तुझं नाही

बाळा,

आपल्या वडूजात मिलिट्रीतल्या माणसाला पहिला प्रश्न पेन्शनचा विचारतात. तात्यांनी तुला सांगितलंच असेल, "पंधरा वर्षं झाली की रे, आता पेन्शन घे आणि ये विमानाच्या कंपनीत." तात्या हवालदार होऊन आले, त्यांचं गणित त्यांच्यापुरतं बरोबर आहे. जवानाला 15 वर्षांच्या सेवेवर पेन्शन बसते. तू हवाई दलात अधिकारी आहेस, तुझी रेघ 20 वर आहे. आणि ती वर्षं खांद्यावर कमिशन चढलं त्या दिवसापासून मोजतात. खडकवासल्याची तीन वर्षं आणि दुंडिगलचं प्रशिक्षण त्यात धरत नाहीत. तुझं सोळावं सरत आलंय. म्हणजे आज राजीनाम्याचे पेपर टाकलेस आणि ते मंजूर झाले, तर मासिक पेन्शन शून्य.

हे तुला माहीत नाही असं नाही. पण मागच्या वेळी बोललो तेव्हा तुझ्या तोंडी सगळं "तिकडं कॅप्टनला किती मिळतं" एवढंच होतं. म्हणून आक्काचं जरा ऐक. मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाली. आम्हाला चौदा वर्षांनी बाहेर पडायचंच असतं, पेन्शनचा प्रश्नच नसतो, त्यामुळे माझा निर्णय सरकारनंच घेतलेला होता. तुझा तसा नाही. तुला निवडायचंय, आणि माझ्या मते सोळा आणि वीस यांच्या मधला काळ सोडायला सगळ्यात महाग आहे.

हे आता कंपनीच्या बाजूनं बघ. विमानकंपनीत तुझा विंग कमांडरचा हुद्दा दारातच राहतो. आत मोजतात ती रुजू झाल्याची तारीख. कारखान्याकडे उसाची नोंद करतात ना, तसंच हे. लागणीची तारीख ज्याची आधी त्याची तोड आधी, फडात ऊस कितीही चांगला उभा असू दे. ज्येष्ठतेच्या यादीत तुझा जो नंबर लागेल, त्यावर तुला कमांड कधी मिळणार, कुठल्या शहराचा बेस मिळणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, दिवाळीची सुट्टी मिळणार की नाही, हे सगळं ठरतं. तुझ्या शेजारी डाव्या सीटवर 29 वर्षांची कॅप्टन बसलेली असेल, बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमधून आलेली. तू उजव्या सीटवर. ती "चेकलिस्ट" म्हणाली की तू वाचायची. हे पचत नसेल तर आत्ताच सांग.

म्हणून लोक म्हणतात लवकर सोडा, नंबर वर लागेल. यात तथ्य आहे. आपल्याकडे 65 पर्यंत प्रवासी विमान उडवता येतं. अडतिसाव्या वर्षी गेलास तर 27 वर्षं हातात, बेचाळिसाव्या वर्षी गेलास तर 23. एअर इंडियानं 2023 च्या फेब्रुवारीत 470 विमानांची मागणी जाहीर केली, त्याच जूनमध्ये इंडिगोनं 500. माणसं लागणार, रांग लांब होणार, आणि सरकणारही. चार वर्षांत शेकडो जण तुझ्या पुढे नंबर लावतील, हे मी नाकारत नाही.

पण तुझ्या चार वर्षांच्या बदल्यात दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघ. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, जन्मभर, आणि तुझ्यामागं बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. तेही कंपनी बुडली तरी येणारं. किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. कोविडमध्ये पगार कापले, माणसं कमी केली. जेटमधले कितीतरी कॅप्टन दुसरीकडे गेले तेव्हा तळाचा नंबर घेऊनच उभे राहिले, कारण ज्येष्ठता कंपनीबरोबर बुडते, सोबत नेता येत नाही. अशा वेळी घरात एक पैसा न चुकता येत असला तर माणूस घाईत कुठलंही रोस्टर पत्करत नाही.

पेन्शनमध्येही एक गोम आहे, ती तुला मेसमध्ये कोणी सांगणार नाही. समान पद समान पेन्शनमध्ये सरकारनं 1 जुलै 2014 नंतर स्वेच्छेनं मुदतपूर्व निवृत्त झालेल्यांना वगळलं. त्यावरून वाद न्यायाधिकरणात गेले. म्हणजे वीस पूर्ण करून सोडलीस तरी पेन्शन मिळेल, पण पुढच्या फेरतपासणीत तुझ्याबरोबरीच्यांइतकी वाढेलच असं धरून चालू नको. हिशेबात तो आकडा जरा कमीच लिही.

आता लॉगबुक. तू ते तासाच्या बेरजेपुरतं बघतोस. जरा रकाने बघ: तारीख, विमानाचा प्रकार, दिवस की रात्र, कमांडमध्ये की दुसऱ्या सीटवर, उपकरणांवरचं उड्डाण किती, आणि महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडरची सही. डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, हे सगळे रकाने लागतात. व्यावसायिक परवान्याला 200 तास पुरतात, त्याची तुला चिंता नाही. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएलला 1500. तुझी एक सॉर्टी चाळीस मिनिटं ते तासभर. प्रवासी वैमानिकाला कायद्यानं वर्षाला 1000 तासांची कमाल मर्यादा आहे. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी चांगलं वर्ष म्हणतात. माझं एएन-32 चं लॉगबुक तुझ्याहून जाड आहे ते मी शूर म्हणून नाही, लेहला सामान न्यायला वेळ लागतो म्हणून. तुझा एक फायदा मात्र आहे: एकट्याच्या सीटवर असल्यानं तुझे बहुतेक तास कमांडचे आहेत. रात्रीचे तास किती आहेत, ते बघ. तिथंच लढाऊवाल्यांचं घोडं अडतं.

अमेरिकेत लष्करी वैमानिकाला 750 तासांवर मर्यादित एटीपी मिळतो. बफेलोजवळच्या 2009 च्या अपघातानंतर त्यांनी सहवैमानिकालाही 1500 तासांची अट घातली, तेव्हाच ही सवलत ठेवली. आपल्याकडे एटीपीएलला 1500 म्हणजे 1500. (हेलिकॉप्टरवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचे तास विमानाच्या परवान्याला फारसे कामी येत नाहीत. तुझ्या हेलिकॉप्टरवाल्या मित्राला सांग, जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी उड्डाणं बघ.)

आणि तू आता कुठं आहेस? मुख्यालयात, टेबलावर. डीजीसीए नुसते जन्मभराचे तास बघत नाही, अलीकडे उडालास का तेही बघते. टेबलावरून थेट पेपर टाकणारे इथंच अडकतात. तास भरपूर, पण अलीकडच्या महिन्यांत काहीच नाही. मग स्वतःच्या खर्चानं उडायचं, त्यावर टाइप रेटिंगचे लाखो रुपये वेगळे. म्हणून माझं म्हणणं असं: राहिलेल्या काळातली एक पोस्टिंग उड्डाणाची मागून घे. बढती हुकेल. तू तसाही सोडणारच असशील, तर त्या बढतीचं लोणचं घालायचंय का?

त्या पोस्टिंगवर असताना कागद पुरे कर. हवाई नियमांचा पेपर द्यावाच लागेल, त्याला कमी लेखू नको. आपल्याला हवेत आयुष्य काढूनही नागरी नियमांची सवय नसते. रेडिओचा परवाना, आरटीआर, पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम 2024 आल्यापासून तो डीजीसीएकडे गेला, त्यामुळे जुन्या सीनियरनं सांगितलेली पद्धत धरून बसू नको. परवाना हातात असताना पेपर टाकणं आणि पेपर टाकून मग अभ्यासाला बसणं, यात घरातल्या दीड-दोन वर्षांच्या झोपेचा फरक आहे.

ना-हरकतीशिवाय कुठंही मुलाखतीला जायचं नाही, हे मी मोठी म्हणून बजावते. 2020 मध्ये माहितीच्या अधिकारातून आकडे बाहेर आले होते. दहा वर्षांत जवळपास 800 वैमानिकांनी हवाई दल सोडलं, आणि खासगी कंपन्यांत उडायला ना-हरकत मिळालेले त्यांतले तीनशेच्या आतले. कायम कमिशनवाल्यानं अर्ज केला म्हणजे सुटला असं नसतं. तो नामंजूर होतो, लांबतो. कंपनीतून निघतानाही हेच आहे बरं. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानं कॅप्टनला वर्षाची नोटीस आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची. तिकडं सगळं मोकळं असतं, हे कुणी तुला सांगितलं?

वीस पुरी करून गेलेल्यांचं काय होतं, म्हणशील. दीपक साठ्यांचं नाव तुला ठाऊक आहे. नागपूरचं घराणं, वडील लष्करी अधिकारी, 1981 मध्ये दुंडिगलहून स्वोर्ड ऑफ ऑनर घेऊन निघालेले. 2003 मध्ये, बावीस वर्षांनी, विंग कमांडर म्हणून बाहेर पडले आणि एअर इंडियात शून्यापासून उभे राहिले. एअरबस उडवली, मग एअर इंडिया एक्सप्रेसचं 737. पुढची वर्षं त्यांनी तिथं काढली. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडच्या धावपट्टीवर त्यांच्या विमानाचा अपघात झाला ते सगळ्यांना माहीत आहे, एकवीस माणसं गेली, त्यात ते आणि सहवैमानिक दोघेही. तपास अहवालानं बऱ्याच गोष्टींबरोबर कॉकपिटमधल्या दोघांच्या वागण्यातल्या दरीवर बोट ठेवलं. धाकट्यानं ठामपणे थांबवायला हवं होतं, ते झालं नाही, असा त्याचा सूर. त्याचा माग मी त्यांच्या हवाई दलातल्या वर्षांत काढत नाही, तूही काढू नको. गेलेल्या माणसावर असा ठपका ठेवायला आपण कोण? पण अहवालाचं ते प्रकरण तू वाच. कारण आपल्याला "सर"ला उलट बोलायची सवय नसते, आणि आपण स्वतः "सर" झालो की कुणी उलट बोलावं अशीही सवय नसते. तू तर वर्षानुवर्षं एकटाच उडालास. दोघांनी मिळून विमान चालवणं हे तुला नव्यानं शिकावं लागेल. पहिल्या सिम्युलेटरमध्ये तू सगळी बटणं स्वतःच दाबायला जाशील, आणि परीक्षक त्याचेच गुण कापेल.

घरचं म्हणशील तर कंपनीत आलो की रोज संध्याकाळी घरी, हे काही खरं नाही. पहाटे तीनला गाडी दारात येते. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेणारे नियम आले, रात्रीच्या लँडिंगवर बंधनं आली. 2025 च्या डिसेंबरात त्याच नियमांच्या तयारीअभावी इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते तू विमानतळावर अडकून भोगलंस. नियम चांगले आहेत, वैमानिकाच्या बाजूचे आहेत. पण नियम करावे लागले यावरून कामाचा अंदाज घे. बदल्या मात्र थांबतात, पोरांची शाळा एका जागी राहते. तुझ्या बायकोला एवढं एक पुरेसं वाटत असेल तर तिचं म्हणणं माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा जड आहे. तिच्याशी पगाराचं बोलू नको, कुठल्या शहरात राहायचं ते बोल.

एका गोष्टीवर मात्र माझं सगळं म्हणणं उलटं होईल. तुझी मान. वैद्यकीय श्रेणीत ए-वन जी-वन आहेस तोवर ठीक, पण जी ओढून ओढून तुझ्या मणक्याची काय दशा आहे ते तू आईपासून लपवतोस, माझ्यापासून लपत नाही. उद्या तिथं श्रेणी घसरली तर नागरी क्लास-वनलाही प्रश्न येतील, आणि मग वीस वर्षांची वाट बघणं महागात पडेल. म्हणून पेपर, पेन्शन, नंबर, सगळं बाजूला ठेव. आधी या सुट्टीत, वरिष्ठांना विचारून, क्लास-वनच्या वैद्यकीय तपासणीची तारीख घे. मानेचा एमआरआय जुना असेल तर नवा काढ आणि रिपोर्ट मला पाठव.

तुझी
आक्का