इंजिन बदलले, रेडिएटर जुनाच

१९९६ च्या मे महिन्यात सावंतवाडीचे लग्न आटोपून आम्ही बेळगावला परतत होतो. आमच्या जुन्या अॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन काढून वडिलांनी नुकतेच १८१७ सीसीचे बसवून घेतले होते. गाडीत सहा माणसे, टपावर सामान. आंबोली घाट निम्मा चढलो तोच बॉनेटखालून वाफ येऊ लागली. वडिलांनी घाईने रेडिएटरची टोपी फिरवली आणि उकळते पाणी त्यांच्या उजव्या हातावर उसळले. ते व्रण अखेरपर्यंत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, “साहेब, इंजिन मोठं घातलासा, रेडिएटर तेवढा जुनाच राहिला की!” मी तेव्हा बी.एस्सी.ला उष्मागतिकी शिकत होतो. मेस्त्रींचे म्हणणे खरे होते. पण त्याचे कारण मला नीट सांगता येईना.

सीसी म्हणजे सर्व सिलिंडरांत दट्ट्या जेवढी जागा व्यापत सरकतो तिचे एकूण घनफळ. आमचे हे घनफळ २२ टक्क्यांनी वाढले होते. मग रेडिएटरही २२ टक्क्यांनी मोठा हवा, असे पुष्कळांना वाटते. परंतु उष्णता सीसीतून निर्माण होत नाही, ती दर सेकंदाला जळणाऱ्या पेट्रोलातून होते. ढोबळमानाने जेवढी शक्ती इंजिन देते, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला मिळते. बरीचशी धुराबरोबर जाते.

आता घाटाचे गणित पाहू. भरलेली गाडी १६०० किलोग्रॅमची आणि चढ पंधरास एक असा धरू. ताशी २० किलोमीटर वेगाने नुसते वर चढण्यास ५.८ किलोवॅट लागतात. ताशी ४० ला ११.६. जुने इंजिन रखडत चढे, म्हणून उष्णताही बेताची. नव्याने जोर दिला, वडिलांनी वेग वाढवला. घर्षण धरून पाण्याकडे सुमारे १५ किलोवॅट उष्णता येऊ लागली. हवा ३० अंशांनी तापते असे मानल्यास दर सेकंदाला अर्धा किलोग्रॅम हवा जाळीतून जावयास हवी. घाटात वाऱ्याची मदत थोडी. सारा भार पंख्यावर. म्हणजे सीसी ही उष्णतेची मर्यादा सांगते, प्रत्यक्ष उष्णता आपण घेतलेल्या कामावर ठरते.

म्हणून रेडिएटर निवडताना इंजिनाकडून घ्यावयाची जास्तीत जास्त शक्ती पाहावी. आधी जाळीचे समोरचे क्षेत्रफळ वाढवावे. नळ्यांच्या रांगा वाढवल्याने फायदा होतो, पण मागच्या रांगेला आधीच तापलेली हवा मिळते. पंख्याभोवती पत्र्याचे आवरण असावे, नाहीतर तो तीच गरम हवा फिरवत राहतो. क्षारयुक्त पाणी टाळावे; नळ्यांत साचलेला थर उष्णता अडवतो.

आणि टोपी? बेळगावच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते. टोपीच्या दाबामुळे ते १०० च्या पुढेही द्रवरूप राहते. टोपी काढताच दाब जातो आणि त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते. इंजिन निवेपर्यंत थांबावे, एवढेच.

आज मी हाच धडा वर्गात शिकवतो. फळ्यावर दाब आणि उत्कलनबिंदू यांचा आलेख काढताना मला वडिलांचा उजवा हात आठवतो.