खडकावरचे ओरखडे



जळकोटच्या परिसरात विहीर खोदताना काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन हा खडक तयार झाला. पण त्याच्याही फार आधी, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपल्या देशाच्या बऱ्याच भागावर बर्फ पसरलेला होता, असे कोणी सांगितले तर? मे महिन्यातले लातूर-नांदेडचे ऊन सोसलेल्या माणसाला हे खरे वाटणार नाही.

याचा पुरावा पाहण्यासाठी चंद्रपूरकडे जायला हवे. तेथे इरई गावाजवळ लाव्हाच्याही आधीचे खडक उघडे पडले आहेत. १८७५ साली फ्रान्सिस फेडन या भूशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. तेथील चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर लांब, सरळ ओरखडे आहेत. वरच्या थरात बारीक माती आणि मोठमोठे दगड एकत्र मिसळलेले आहेत.

हे काम नदीचे नाही. तिरू नदीचे पात्र पाहा. पाणी जड दगड आधी टाकते, वाळू पुढे नेते आणि बारीक गाळ आणखी पुढे. बर्फ मात्र सगळे एकत्र वाहून नेतो आणि वितळला की तेथेच टाकतो. त्याच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक काचकागदासारखे घासतात. त्या काळी भारत दक्षिण ध्रुवाकडे होता आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. या मोठ्या भूखंडाला ‘गोंडवन’ म्हणतात. हे नाव आपल्याकडच्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले आहे.

बर्फ होता, हे ठरले. पण तो कोठपर्यंत होता आणि किती जाड होता? येथे काम अवघड होते. ओरखडा रेघ दाखवतो. पण बर्फ रेघेच्या कोणत्या टोकाकडे गेला, हे तो एकटा सांगत नाही. त्यासाठी वरच्या थरातले दगड मुळात कोणत्या डोंगरातले, ते शोधावे लागते. बर्फाची जाडी तर कोठेच लिहिलेली नसते. बर्फ कसा वाहतो याचे नियम वापरून ती गणिताने काढतात. उत्तर एका आकड्यात येत नाही. ‘निदान इतकी, फार तर इतकी’ असे येते.

‘अंदाज’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. मनात येईल ते बोलणे म्हणजे अंदाज नव्हे. शास्त्रज्ञ आपला अंदाज किती चुकू शकतो, तेही बरोबर सांगतो. म्हणूनच नकाशावर पुरावा असेल तेथे तो अखंड रेघ काढतो आणि नसेल तेथे तुटक रेघ.

मग जळकोटवर बर्फ होता का? १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच जिल्ह्यात किल्लारी येथे जमिनीत खोल छिद्र पाडले गेले. सुमारे ३३८ मीटर लाव्हाखडक लागला, त्याखाली काही मीटर गाळ आणि मग ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. बर्फाने आणलेल्या दगडमातीचा जाड थर तेथे मिळाला नाही. म्हणजे बर्फ नव्हताच का? तसेही म्हणता येत नाही. बर्फाने टाकलेला थर नंतरच्या कोट्यवधी वर्षांत पावसापाण्याने वाहून गेला असेल. आणि एका छिद्रातून जिल्हा दिसत नाही. त्यामुळे जळकोटजवळून जाणारी रेघ अजून तुटकच आहे.