मोटारीच्या दिव्याचें पाणी कोठें गेलें?

गेल्या पावसाळ्यांत एका गुरुवारीं रात्रीं आम्ही पुण्याहून साताऱ्यास मोटारीनें चाललों होतों. खंबाटकीच्या घाटांत एका टँकरनें उडविलेला चिखल आमच्या गाडीच्या पुढच्या कांचेवर व दिव्यांवर बसला. तो धुण्यासाठीं आम्हीं स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. पंपाची घरघर ऐकूं आली, पण पाण्याचा थेंबहि आला नाहीं. गाडी कशीबशी कडेस घेऊन पिण्याच्या पाण्यानें कांच धुतली, तेव्हां पुढची वाट दिसली.

आमच्या शेजारचा नववींतील एक विद्यार्थी दर रविवारीं हौसेनें गाडी धुऊन वॉशरची टाकी भरीत असे. घरीं परततांच आम्ही त्याच्यावर रागावलों. तो म्हणाला, "सर, मीं टाकी कांठोकांठ भरली होती." आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. "मग पाणी गेलें कोठें?" असें आम्हीं रागानें विचारलें. विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचें उत्तर आम्हां दोघांस जसें सांपडलें, तोच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. थंड देशांत बर्फमिश्रित चिखलानें मोटारीचे दिवे झांकले जातात. यास्तव स्वीडनमधील साब कंपनीनें १९७० सालीं दिवे पुसण्या-धुण्याची योजना आपल्या मोटारींस जोडली. पुढें झेनॉनचे प्रखर दिवे निघाले. साध्या हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारें १५०० ल्यूमेन, तर झेनॉनचा सुमारें ३२०० ल्यूमेन असतो. दिव्याच्या कांचेवर धूळ असली म्हणजे हा प्रकाश वाटेवर न पडतां इतस्ततः विखुरतो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. म्हणून युरोपांत २००० ल्यूमेनहून अधिक तेजाच्या दिव्याबरोबर धुण्याची सोय असावी, असा नियम झाला. त्या धर्तीवर बनलेल्या कित्येक गाड्या आपल्याकडेहि आल्या. आमची जुनी गाडी त्यांपैकींच एक.

रचना साधी आहे. पुढच्या चाकाच्या आडोशास, बंपरच्या मागें, प्लॅस्टिकची टाकी असते. बहुधा हीच टाकी पुढच्या कांचेसहि पाणी पुरविते. म्हणून दिव्याची नळी गळली कीं कांचहि कोरडी राहते. टाकीच्या तळाशीं रबरी बुचांत पंप बसविलेला असतो. त्यांतून निघालेली नळी बंपरच्या आंतून जाते. एका तिफाटी सांध्यापाशीं तिच्या दोन शाखा होऊन त्या दोन्ही दिव्यांच्या पिचकाऱ्यांस मिळतात. पाण्याच्या दाबानें पिचकारी बाहेर सरकते, दिव्यावर पाणी फवारलें जातें, आणि पंप थांबतांच स्प्रिंग तिला पुन्हां आंत ओढते. टाकी, बूच, नळी, सांधे आणि पिचकारी, एवढ्याच गळण्याच्या जागा. त्यांतील कोणती, हें कसोट्यांनीं ठरवावयाचें.

पहिली कसोटी : गळणारें पाणी कशाचें? एअर-कंडिशनरचें पाणी स्वच्छ व निर्गंध असून तें बहुधा बसण्याच्या जागेखालीं पडतें. रेडिएटरचें कूलंट रंगीत व बुळबुळीत असतें. तें विषारी आहे, चाखून पाहूं नये. वॉशरच्या पाण्यास साबणाचा वास व फेस असतो. आम्हीं गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं. सकाळीं एका पानावर ओला डाग होता व त्यास साबणाचा वास येत होता.

दुसरी कसोटी : पाणी केव्हां गळतें? पंप चालू असतांनाच गळत असेल, तर दोष दाब सोसणाऱ्या सांध्यांत किंवा पिचकारींत असण्याचा संभव अधिक. उभ्या गाडींतूनहि गळत असेल, तर पाणी आपल्याच भारानें वाट काढीत आहे असें समजावें. आम्हीं टाकी भरून गाडी सपाट जागीं उभी केली, पंप मुळींच चालविला नाहीं, आणि बारीक काठी टाकींत घालून रोज पातळी मोजली. पहिल्या सकाळीं पाणी चार बोटें उतरलें, दुसऱ्या सकाळीं आणखी तीन. पातळी उतरली तसा दाब घटला व गळतीहि मंदावली. पण ती थांबली नाहीं; चौथ्या सकाळीं काठी कोरडी निघाली. टाकीच्या मध्यावर चीर असती, तर पाणी त्या चिरेपर्यंत उतरून थांबलें असतें. अर्थात् गळतीची जागा टाकीच्या तळाशीं किंवा त्याहूनहि खालीं होती.

तिसरी कसोटी : कोणत्या बाजूस? आमची टाकी उजवीकडे, तर ओला डाग डावीकडे. परंतु एवढ्यावर विसंबूं नये. पाणी आडव्या पट्टीवरून वाहत जाऊन भलतीकडे ठिबकतें. म्हणून टाकी पुन्हां भरली, दिवे लावले (बऱ्याच गाड्यांत दिवे लागले असतील तरच ही पिचकारी उडते), आणि त्या मुलास आंत बसवून बटण दाबावयास सांगितलें. आम्ही बाजूस उभे राहिलों, कारण हा फवारा जोराचा असतो. उजवी पिचकारी जोरानें उडाली, डावी जेमतेम बाहेर आली. दोन्ही मंद असत्या, तर दोष पंपांत किंवा तिफाट्याच्या अलीकडे मानावा लागला असता. एकच मंद, म्हणजे दोष तिफाट्याच्या पलीकडे, डाव्या शाखेंत.

चौथी कसोटी डोळ्यांची. मिस्त्रीकडून बंपर सैल करवून सर्व भाग कोरडे पुसले व बॅटरीचा उजेड पाडला. बंपरच्या तळाशीं डाव्या नळीचा जो सांधा आहे, त्यावर थेंब जमूं लागला. आंतील रबरी कडी उन्हानें व वयानें टणक होऊन चिरली होती. कडी नवी घातली. त्यानंतर दुसरी कसोटी पुन्हां घेतली. दोन रात्रींनंतरहि काठीवरील खूण हललेली नव्हती. दुरुस्ती झाली असें म्हणण्यापूर्वीं हें अवश्य करावें.

या शोधापूर्वीं एका ठिकाणीं आम्हांस गाडी न तपासतांच सांगण्यांत आलें होतें कीं, "नवी टाकी बसवा." टाकी तर शाबूत निघाली! त्या सल्ल्यास आम्ही हंसलों खरे. पण लागलीच ध्यानांत आलें कीं आम्हींहि तेंच केलें होतें. सांध्याऐवजीं टाकीस दोष देणारा आणि कडीऐवजीं मुलास दोष देणारा, यांत फरक तो काय? उलट टाकीस दुःख होत नाहीं, मुलास होतें. चार दिवस तो आमच्याबरोबर रोज सकाळीं काठी धरून उभा राहिला, तो आपलें बोलणें खरें ठरावें म्हणूनच.

आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो किंचित् लाजला व म्हणाला, "सर, आतां रविवारीं भरलेलें पाणी टिकेल."

पालकांसहि आमची हीच विनंती आहे. घरांत कांहीं हरवलें, सांडलें वा मोडलें म्हणजे एखाद्या मुलाचें नांव चटकन् ओठांवर येतें. तें उच्चारण्यापूर्वीं एक रात्र कागद पसरून पाहावा.