आशाताईंकडची गर्भनिरोधक साधनं: कशाला किती पैसे?

पाळणा लांबवायचा म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरकडे खेप आणि खिशाला कात्री, हा समज अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात बरीचशी साधनं वस्तीतल्या आशाताई घरपोच देतात. २०११ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत त्याचे दर ठरले: तीन निरोधच्या पाकिटाला १ रुपया, माला-एन गोळ्यांच्या महिन्याच्या पाकिटाला १ रुपया, तातडीच्या एका गोळीला २ रुपये. हे पैसे आशाताईंचेच. त्यांना कायम पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. तेव्हा रुपया देताना का-कू करू नका, पण जास्तही देऊ नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच सगळं मोफत मिळतं.

तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. मेडिकलमध्ये तशाच गोळीला शंभराच्या पुढेमागे मोजावे लागतात. मात्र ती अडीअडचणीलाच, नेहमीसाठी नव्हे. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. म्हणून त्या टाकून देऊ नका. बाळ अंगावर पीत असेल, तर पहिले सहा महिने माला-एन नको, ‘छाया’ गोळी चालते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, सरकारी केंद्रात मोफत. पहिला डोस तपासणी करूनच देतात आणि पुढची तारीख कार्डावर लिहितात. ते कार्ड जपून ठेवा. या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. त्याने घाबरून मध्येच सोडणाऱ्या बाया पुष्कळ, कारण आधी कुणी सांगितलेलंच नसतं. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच विचारात घ्या. तांबी बसवणंही मोफत आहे.

खरा खर्च वेगळाच असतो: बुडालेली मजुरी आणि रिक्षाचं भाडं. त्यामुळे निघण्यापूर्वी आशाताईंना विचारा, आज सिस्टर आहेत का, इंजेक्शन शिल्लक आहे का. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

शस्त्रक्रियेची गोष्ट उलटी, तिथे सरकारच पैसे देतं. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला १,१०० रुपये. दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला ६०० आणि इतर स्त्रियांना २५०. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याविना होते. तरी गावोगाव बायकोलाच पुढे करतात, हे मला पटत नाही. पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायलाच हवं.

या पैशांसाठी किंवा कुणाच्या आग्रहाखातर शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करू नका. सगळ्या साधनांची माहिती मागून घ्या. कुणी ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागितलं, तर १०४ वर फोन करून तक्रार नोंदवा.